करंगळीची करणी

मला टाइप करताना स्क्रीनकडे बघायची सवय नाहीये. मी कीबोर्डकडे बघते. मान खाली घालून, जीभ किंचित बाहेर काढून, दोन्ही हातांची मिळून चार-पाच बोटं कामाला लावून टकाटका बडवत राहते आणि सात-आठ ओळी झाल्या की मान वर करते. आणि मग दिसतं. अख्खा परिच्छेद कॅपिटलमध्ये. एकूण एक अक्षर छाती पुढं काढून उभं, जणू काही परेडच चाललीये, आणि प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर तेवढं छोटं, कारण तिथं मी इमानदारीत शिफ्ट दाबलेलं असतं आणि कॅप्स लॉक चालू असताना विंडोजवर शिफ्ट दाबलं की उलट छोटं अक्षर येतं. म्हणजे जिथं नियम पाळला नेमकं तिथंच तोंडघशी पडले.

आता हे तुम्हाला लिहून दाखवावं म्हटलं तर देवनागरीत कॅपिटलच नाहीत. त्यामुळं पुढं जिथं जिथं मी कॅपिटल म्हणेन तिथं तुम्ही ते मनातल्या मनात ओरडून वाचा.

ओरडून हे मी उगाच म्हणत नाहीये. मागं एकदा साहेबांना मेल लिहिला. मजकूर अगदी साधा, की सर, सवड मिळाली की फाईल एकदा नजरेखालून घालाल का, घाई नाही. हे सगळं कॅपिटलमध्ये गेलं. मी पाठवून मोकळी. पाच मिनिटांत फोन. "मॅडम, काही झालंय का? बघतो हो मी, लगेच बघतो." आवाजात भीती. मला काही कळेना, मी म्हटलं नाही नाही सर घाई नाही, तर ते अजूनच घाबरले. नंतर पाठवलेला मेल उघडून पाहिला तेव्हा कळलं की "घाई नाही" हे दोन शब्द मी त्यांच्या टेबलावर मूठ आपटून म्हटल्यासारखे दिसत होते. फाईल मात्र त्या दिवशी अर्ध्या तासात पास झाली, हे पण सांगायला पाहिजे.

१९९५ साली इंटरनेटवर कसं वागावं याचं एक टिपण निघालं होतं, आरएफसी १८५५ नावाचं, त्यात सुद्धा लिहून ठेवलंय की सगळं कॅपिटलमध्ये लिहू नका, ओरडल्यासारखं दिसतं. आणि ते वाक्य त्यांनी स्वतः कॅपिटलमध्येच लिहिलंय! म्हणजे ओरडू नका म्हणून ओरडले. आमच्या वर्गात बाई करायच्या तसं.

मराठी टाइप करताना तर वेगळाच तमाशा. आपल्याकडे कॅपिटल नाहीत म्हणून सुटलो असं वाटतं, पण मी रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणारी जुनी पद्धत वापरते, त्यात छोटं एन म्हणजे न आणि मोठं एन म्हणजे ण. छोटं टी त, मोठं टी ट. द चा ड होतो, ल चा ळ होतो. एकदा मोठ्या भावाला वाढदिवसाचा मेसेज लिहायला बसले, प्रिय दादा म्हणून सुरुवात केली आणि वर बघते तर डाआडाआ. पाळण्यातलं पोर रडावं तसं. पुढचं तर वाचवत नव्हतं, सगळीकडे ण आणि ट आणि ळ, तोंडात गरम काहीतरी धरून बोलल्यासारखं.

तर मी हे मनावर घेतलं. म्हणजे मी नाही घेतलं, भाच्यानं घेतलं. माझा भाचा कॉम्प्युटरमधला आहे आणि माझा प्रत्येक फोन तो "मावशी, आता काय केलंस?" असा उचलतो.

पहिला त्याचा उपाय म्हणजे वर्डमधलं एक सेटिंग. ऑटोकरेक्टमध्ये कॅप्स लॉकची चूक आपोआप सुधारायची एक खूण असते. त्या सेटिंगच्या नावातच कॅप्स लॉक हे शब्द चुकीचे छापलेत, पहिलं सी छोटं आणि बाकीची सगळी मोठी, मुद्दाम, नमुना म्हणून. मला फार आपलंसं वाटलं ते. शिफ्ट धरून वाक्य सुरू केलं आणि कॅप्स लॉक चालू असेल तर वर्ड तो शब्द सुधारतं आणि कॅप्स लॉक बंद पण करून टाकतं. झालंच नुकसान तर मजकूर सिलेक्ट करून शिफ्ट आणि एफ ३ दाबायचं, दाबत राहायचं, अक्षरं मोठी-छोटी होत राहतात, हवं तिथं थांबायचं. हे मला कळलं तेव्हा मी अर्धा तास नुसती तेच करत बसले होते. पण हे सगळं वर्डमध्ये. मेलमध्ये, चॅटमध्ये आणि पासवर्डच्या खोक्यात तुम्ही आणि तुमची करंगळी.

दुसरा उपाय आवाजाचा. विंडोजमध्ये टॉगल कीज म्हणून प्रकार आहे, नम लॉकचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की चालू करू का विचारतं. मग कॅप्स लॉक लागलं की पीं करून वाजतं, निघालं की जरा खालच्या पट्टीत वाजतं. छान आहे. फक्त मी रात्री काम करते. दोन रात्री नवऱ्यानं सहन केलं, तिसऱ्या रात्री उठून बाहेर आला आणि म्हणाला, "ट्रक रिव्हर्स घेतेयस का?" मग मी स्पीकर म्यूट केला. मग अर्थातच वाजणार कसं. तो उपाय तिथं संपला.

बारीक दिवा असतो ना कीबोर्डवर, तो बघ की, असं नवऱ्याचं म्हणणं. पण माझ्या वायरलेस कीबोर्डला तो दिवाच नाही, आणि असता तरी माझी नजर कुठं असते तर पुढचं अक्षर शोधण्यात.

तिसरा उपाय माझा स्वतःचा, त्याबद्दल मी फार बोलणार नाही. पुठ्ठ्याचा तुकडा घडी करून कॅप्स लॉकच्या बटणाखाली घट्ट सारला, म्हणजे बटण दाबलंच जाणार नाही. दाबलं जात नव्हतंच. पण सारताना जरा जोर लागला त्यात ते एकदा दाबलं गेलं होतं. म्हणजे आता कॅप्स लॉक कायमचं चालू आणि बंद करायची सोय मीच बुजवलेली. आणि तो पुठ्ठा आत गेला तो गेला, चिमट्यानं काढावा लागला. भाच्याला हे सांगितलं नव्हतं, आता वाचेल.

या सगळ्यात मला एकच प्रश्न पडायचा, की हे बटण मुळात ए च्या शेजारी कुणाच्या डोक्यातून आलं? ए काय कधीतरी लागणारं अक्षर आहे का, रोज शंभर वेळा करंगळी तिकडं जाते आणि जरा घसरली की संपलं. मग भाच्यानं इतिहास ऐकवला. १८७४ च्या पहिल्या रेमिंग्टन टाइपरायटरवर म्हणे फक्त कॅपिटलच होती, म्हणजे तेव्हा सगळेच ओरडायचे आणि कुणाला कुणाचं काही वाटायचं नाही. १८७८ मध्ये रेमिंग्टन नंबर २ आला, त्यावर छोटी अक्षरं आली आणि शिफ्ट आलं. शिफ्ट म्हणजे खरोखरच शिफ्ट, बटण दाबलं की कागद धरलेला अख्खा गाडा जागचा सरकायचा. आता मोठं हेडिंग टाइप करायचं म्हणजे एवढं वजन करंगळीनं धरून बसायचं, म्हणून मग ते अडकवून ठेवायचं लॉक आलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. उलट टाइपरायटरवर लॉक लावलं की ते बटण खाली अडकलेलंच राहायचं, डोळ्याला दिसायचं, बोटाला लागायचं, आणि शिफ्ट दाबलं की सुटायचं. आमच्या कीबोर्डवरचं हे बेणं दाबलं की परत वर येऊन साळसूदपणे बसतं. मी नाही त्यातली.

आणि जागा म्हणाल तर १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ए च्या शेजारी कंट्रोल होतं, कॅप्स लॉक खाली स्पेसबारच्या उजवीकडे कोपऱ्यात पडलेलं होतं. तिथंच बरं होतं. पुढं १०१ बटणांचा कीबोर्ड आला त्यात ते उचलून ए च्या शेजारी बसवलं आणि मग सगळ्यांनी तेच उचललं. जुने प्रोग्रामर अजून कुरकुरतात आणि पहिलं काम काय तर तिथं परत कंट्रोल लावून घेतात. गुगलनं २०१० साली सीआर-४८ नावाचा लॅपटॉप काढला त्यात तर कॅप्स लॉक काढूनच टाकलं होतं, तिथं सर्चचं बटण. २२ ऑक्टोबरला कॅप्स लॉक दिवस पण असतो म्हणे, लोक त्या दिवशी मुद्दाम कॅपिटलमध्ये लिहितात. मी वर्षभर साजरा करते.

सगळ्यात मला आवडलं ते युनिक्सचं, म्हणजे विंडोजसारखीच एक जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आहे तिचं. पूर्वी टेलिटाइप मॉडेल ३३ सारखी यंत्रं जोडलेली असायची ज्यांना छोटी अक्षरं यायचीच नाहीत. त्यामुळं कुणी आपलं नाव सगळं कॅपिटलमध्ये टाकून लॉगिन केलं की युनिक्स समजायचं, बिचाऱ्याच्या यंत्राला तेवढंच येतंय, आणि मग तेही आपली सगळी उत्तरं कॅपिटलमध्येच द्यायचं. इतकं समजून घेणारं मला अजून घरात कुणी भेटलेलं नाही.

शेवटी भाचा म्हणाला, मावशी, आपण ते बटणच मारून टाकू. पॉवरटॉईज म्हणून मायक्रोसॉफ्टचंच फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कीबोर्ड मॅनेजरमध्ये कॅप्स लॉकला शिफ्ट करून टाकलं. म्हणजे करंगळी घसरली तरी फार तर एक अक्षर मोठं येणार. स्वर्ग. फक्त ते विंडोजमध्ये शिरल्यावर चालतं, लॉगिनच्या स्क्रीनवर नाही, आणि मी नेमकी तिथंच घसरते. मग त्यानं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची सगळी सेटिंग्ज जिथं लिहिलेली असतात तिथं जाऊन काहीतरी स्कॅनकोड मॅप लिहिला, शून्यं शून्यं आणि मधे एक ३ए, ते ३ए म्हणजे कॅप्स लॉक. रीस्टार्ट केलं. कॅप्स लॉक ठार. वर मला दम दिला, "रजिस्ट्रीला तू हात लावायचा नाहीस." मी कशाला लावते.

दहा दिवस इतके शांततेत गेले की मी दोन जणींना सल्ले पण दिले.

अकराव्या दिवशी एका साईटवर जायची वेळ आली, बिल भरायचं होतं. ही साईट मला पहिल्यापासून जरा तऱ्हेवाईक वाटायची, म्हणजे पहिल्यांदा पासवर्ड टाकला की चूक म्हणायची आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा तोच टाकला की आत घ्यायची, मला वाटायचं तिचा स्वभावच तसा, दोनदा विचारलं की ऐकते. त्या दिवशी ऐकेना. दोनदा, तीनदा, चारदा. अजून एकदा चुकलात तर खातं लॉक, अशी लाल अक्षरात धमकी आली.

भाच्याला फोन. त्यानं सगळं ऐकून घेतलं, जरा वेळ गप्प बसला आणि विचारलं, "मावशी, हा पासवर्ड ठेवलास तेव्हा कॅप्स लॉक चालू होतं का?"

आता पासवर्ड टाकताना दिसतात नुसते काळे ठिपके. पुन्हा टाका म्हणून दुसरं खोकं असतं त्यातही ठिपकेच, आणि कॅप्स लॉक दोन्ही वेळा चालू, त्यामुळं दोन्ही चुका एकमेकींशी तंतोतंत जुळल्या आणि साईटनं शाबास म्हणून खातं उघडून दिलं. म्हणजे इतके दिवस मी आत जात होते ते करंगळी मधेच कधीतरी घसरायची म्हणून. आणि त्याच करंगळीचा आम्ही नुकताच बंदोबस्त केला होता.

"मग आता शिफ्ट धरून टाकते," मी म्हटलं.

"थांब!" तो किंचाळला. "कॅप्स लॉकनं फक्त अक्षरं बदलतात, आकडे नाही. शिफ्ट धरून आकडे दाबलेस तर वरची चिन्हं येतील. पहिलं अक्षर छोटं, मग फक्त अक्षरांना शिफ्ट, आकड्यांना सोड. एकेक अक्षर मला सांगत टाक, मी लक्ष ठेवतो."

रेंज धड नव्हती. त्याला काही ऐकू जाईना, तो सारखा "काय? मोठ्यानं बोल" म्हणत होता, म्हणून मी खिडकीत उभी राहून, एका हातात फोन आणि एका बोटानं टाइप करत, छोटं एस, आता कॅपिटल यू, कॅपिटल आर, हो कॅपिटल, असं करत करत आकड्यांपर्यंत पोचले. आकडे पण तशाच आवाजात सांगितले. एंटर दाबलं. उघडलं एकदाचं.

फोन ठेवला तेव्हा घरात एकदम शांत झालं होतं. खाली जिन्यात कुणीतरी थांबल्यासारखं वाटलं. आतल्या खोलीतून नवरा म्हणाला, "शेवटी सात आहे होय? मी नऊ टाकत होतो."