शार्क रोजच असतात, म्हणून गळ कुठेही टाकायचा?

दक्षिण कॅलिफोर्नियात कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीवरून, मासे गरवणाऱ्यांमध्ये एक मजकूर जोरात फिरतोय. सॅन डिएगोकडच्या आपल्या मराठी मंडळींच्या गटांतही तो कोणी ना कोणी टाकतोच. मजकूर साधारण असा: "संशोधकांनी ड्रोन उडवून सिद्ध केलंय की ग्रेट व्हाइट शार्क रोज पोहणाऱ्यांच्या शेजारून जातात आणि कुणाला चावत नाहीत. त्यामुळे किनाऱ्याजवळ कयाकवरून मासेमारी केल्याने पोहणाऱ्यांचा धोका वाढतो, ही नुसती आवई आहे. २०१४ चा मॅनहॅटन बीचचा चाव्याचा प्रकार मासेमारीच्या धक्क्यावरचा होता, कयाकचा त्याच्याशी संबंध नाही. आम्ही काही ग्रेट व्हाइट पकडायला जात नाही. लागलाच शार्क तर सोडून देतो. एवढी भीती वाटत असेल तर तलावात पोहा."

मीही सॅन डिएगोच्या ला होया किनाऱ्याच्या पाण्यात कयाक घालतो, त्यामुळे मासेमारीच बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी बोलत नाही. पण या मजकुरातलं पहिलं वाक्य सोडलं तर पुढचं एकही धड टिकत नाही, आणि गंमत म्हणजे ते पहिलं वाक्यच बाकीच्यांना खोटं पाडतं.

ड्रोनचा अभ्यास खरा आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, लाँग बीच इथल्या शार्क लॅबचा, २०२३ साली प्रसिद्ध झालेला. दक्षिण कॅलिफोर्नियातले २६ किनारे त्यात पाहिले गेले. सांता बार्बरा आणि सॅन डिएगो परगण्यांत ग्रेट व्हाइटची पिल्लं जिथे जमतात अशा दोन ठिकाणी, पाहणी केलेल्या दिवसांपैकी ९७ टक्के दिवशी माणसं आणि शार्क एकाच पाण्यात होते. चावे मात्र जवळपास नाहीतच. ही पिल्लं उथळ, उबदार पाण्यात पाकटं (पंखांसारखे पसरट मासे) आणि तळाचे मासे खातात. माणूस त्यांच्या खिजगणतीत नसतो.

पण ड्रोनने टिपले ते मोकळे शार्क. त्यांच्या जबड्यात गळ नव्हता. गल्लीतलं कुत्रं रोज आपल्या पायाशी झोपतं, म्हणून त्याच्या गळ्यात फास टाकून पाऊण तास ओढल्यावरही ते तसंच वागेल असं कुणी म्हणेल का?

५ जुलै २०१४ ला लॉस एंजेलिसजवळच्या मॅनहॅटन बीचच्या धक्क्याजवळ नेमकं हेच झालं. साधारण सात फुटांचा ग्रेट व्हाइट गळाला लागला होता आणि सुमारे ४० मिनिटं तंगूस (गळाची दोरी) तोडायची धडपड करत होता. लांब पल्ल्याचं पोहणाऱ्यांचा गट तिथून जात असताना त्यातल्या एकाच्या छातीचा त्याने चावा घेतला. माणूस वाचला. शहराने काही काळ धक्क्यावरची मासेमारीच बंद केली. त्या दिवशीही त्या किनाऱ्याला शार्क नवे नव्हते आणि पोहणारेही नव्हते. नवा होता तो गळ.

"चावे नगण्य आहेत" या आकड्यातही एक मेख आहे. बातम्यांत येतो तो बहुतेक वेळा विनाकारण झालेल्या चाव्यांचा आकडा. इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइल या जगभरच्या शार्कच्या चाव्यांच्या नोंदवहीमध्ये शार्कला गळातून सोडवताना झालेला चावा 'चिथावणी दिलेल्या' प्रकारात जातो. म्हणजे मासेमारीमुळे झालेले असे चावे आधी वेगळे काढायचे, मग उरलेला आकडा दाखवून मासेमारी निर्धोक ठरवायची. छान!

आता "धक्का वेगळा, कयाक वेगळी". वेगळी आहेच, पण उलट्या अर्थाने. धक्का जागचा हलत नाही, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना पोहणाऱ्यांना मज्जाव करता येतो. कयाकला मोठा मासा लागला की तो कयाकसकट गरवणाऱ्याला ओढत नेतो. गरवणाऱ्यांना त्यात मोठी मजा वाटते, त्याचे व्हिडिओही निघतात. पण कयाक कुठे जाणार हे तेव्हा वल्हं ठरवत नाही, मासा ठरवतो. पाऊण मैल आत लागलेला शार्क थोड्या वेळात कुठल्या दिशेला असेल हे कोणी सांगावं? तो किनाऱ्याकडे वळला की तंगूस कापायचा, दुसरा उपाय नाही. त्यासाठी सुरी हाताशी हवी, मागच्या डब्यात नको. आणि पकडलेले मासे दोरीत ओवून कयाकच्या कडेला पाण्यात लोंबत ठेवण्याची सवय तर आधी सोडावी. पाण्यात रक्त आणि धडपड सोडत पोहणाऱ्यांमधून परत यायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं? मासे बर्फाच्या पिशवीत ठेवा.

याच सुरात "आम्ही खरं आमिष वापरत नाही, नकली मासा लावतो, रक्ताचा प्रश्नच नाही" असंही ऐकू येतं. डिसेंबर २०१३ मध्ये हवाईतल्या माऊई बेटाजवळ शार्कच्या चाव्याने मरण पावलेला कयाकवाला नकली आमिषानेच मासेमारी करत होता. पाय मात्र कयाकबाहेर पाण्यात सोडलेले होते. गळाला लागलेला मासा तडफडतो तो नकली आमिषावरही तितकाच.

"आम्ही ग्रेट व्हाइट पकडायला जात नाही." मॅनहॅटन बीचच्या गरवणाऱ्यानेही आपण पाकटांसाठी बसलो होतो असंच सांगितलं होतं. त्याच्या मनात काय होतं याच्याशी शार्कला देणंघेणं नव्हतं. कॅलिफोर्नियात ग्रेट व्हाइटला १९९४ पासून संरक्षण आहे. २०२३ पासून लागू असलेल्या कायद्याने त्याला ओढून आणण्यासाठी आमिष किंवा खाद्य टाकणं बेकायदेशीर ठरवलं. शिवाय ग्रेट व्हाइट दिसत असेल किंवा तिथे असल्याचं माहीत असेल, तर किनारा, धक्का वा बांधापासून एक सागरी मैलाच्या आत शार्कसाठीचं आमिष टाकायलाच मनाई आहे. हॅलिबटसाठी (तळाशी राहणारा चपटा मासा) साधा गळ टाकणाऱ्यावर या कायद्याचा रोख नाही, हे मान्य. पण थ्रेशर या दुसऱ्या जातीच्या शार्कच्या नावाखाली शार्कचं खाद्य ओतणाऱ्याने "असल्याचं माहीत असेल" हे शब्द पुन्हा वाचावेत. एका हातात ९७ टक्क्यांचा अभ्यास नाचवायचा आणि दुसरीकडे "मला काय ठाऊक तिथे शार्क आहे" म्हणायचं, हे दोन्ही एकदम कसं चालेल?

"लागला तर सोडून देतो" यातला सोडण्याचा भाग लोक फार सोपा समजतात. थ्रेशर आपल्या लांबलचक शेपटीने भक्ष्याला फटका मारतो, त्यामुळे गळ पुष्कळदा तोंडात न बसता शेपटीतच अडकतो. मग तो उलटा ओढला जातो. श्वासासाठी या माशाला पुढे पोहत राहावं लागतं, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जातं. उलटं ओढलं की तेच बंद पडतं. शेपटीला गळ आणि मागे तंगूस लोंबत असताना सोडलेले बरेच थ्रेशर नंतर मरतात. गोल वळणाचा गळ तोंडाच्या कोपऱ्यात बसतो, तो वापरला आणि मासा दमायच्या आत मोकळा केला तरच सोडण्याला अर्थ. तासभर झुंजवून, कयाकवर आडवा ओढून, फोटो काढून पाण्यात ढकललेला शार्क पोहणाऱ्यांच्या दृष्टीनेही काही शांत झालेला नसतो.

राहिला तलावाचा सल्ला. समुद्रात उतरणारा माणूस तिथल्या शार्कचा धोका पत्करूनच उतरतो, हे खरं. तुमच्या गळाला लागलेला शार्क त्याने पत्करलेला नसतो. परवान्याचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात सार्वजनिक धक्क्यावर गरवायला परवाना लागत नाही, कयाकवरून लागतो. पण तो मासे पकडण्याचा परवाना आहे, सातबारा नव्हे.

ला होया शोअर्सला उन्हाळ्याच्या उत्तरार्धात कंबरभर पाण्यात लेपर्ड शार्कचे थवे फिरतात, बहुतेक गाभण माद्या. लहान मुलं मुखवटे लावून त्यांच्यावर तरंगत असतात आणि कुणाला काही होत नाही. तो पट्टा मात्लाहुआइल राखीव क्षेत्रात येतो, तिथे काहीच पकडायचं नाही. बाहेरच्या केल्पकडे (उंच समुद्री शेवाळाच्या रानाकडे) जाणाऱ्या कयाकला त्यातून वल्हवत जाता येतं, गळ पाण्याबाहेर ठेवून. लाटेतून निघताना आणि परतताना वाट पोहणाऱ्यांना द्यायची, मासा घरी नेऊन साफ करायचा, आणि राखीव क्षेत्राबाहेर पडेपर्यंत गळाला हात लावायचा नाही. ज्यांना एवढंही जाचक वाटतं त्यांच्यामुळेच उद्या सगळ्यांच्या कयाकवर बंदी मागणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं.