उधारी भावाची, फोन मला

घेतलेले पैसे फेडायचे, यात दुमत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली ‘मग कार्ड घासलंच कशाला’ विचारायला कुणी यायला नको.

माझ्या मावसभावाची भोसरीतली नोकरी गेली आणि क्रेडिट कार्डाचं बिल थकलं. तेव्हापासून वसुलीवाल्यांचे फोन मला. का, तर अर्जात त्याने रेफरन्स म्हणून माझा नंबर दिला होता. मी ना जामीनदार, ना माझी कुठे सही. मध्यंतरी सकाळी पावणेसातला, कुकर लावत असताना फोन. “मॅडम, लीगलची गाडी निघालीय. आज साठ हजार भरायला सांगा, नाहीतर सोसायटीत सगळ्यांसमोर विषय निघेल.” नाव कोर्टाचं आणि धमकी सोसायटीची!

सगळी मेख इथेच आहे. कार्डाची थकबाकी म्हणजे विनातारण कर्ज, दिवाणी मामला. निव्वळ पैसे थकले म्हणून कुणाला तुरुंगात टाकत नाहीत. (दिलेला चेक वटला नाही, तर मात्र १३८ कलमाचं झंझट मागे लागू शकतं. म्हणून कुणी ‘सिक्युरिटीपुरता’ कोरा चेक मागितला तर अजिबात देऊ नका.) बँकेला कोर्टात दावा लावता येतो, पण त्याला वेळ आणि पैसा लागतो. त्यापेक्षा मावशीला, सासऱ्याला, ऑफिसातल्या एचआरला फोन लावणं स्वस्त. हा धंदा कायद्यावर कमी आणि आपल्या ‘लोक काय म्हणतील’वर जास्त चालतो.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांना स्पष्ट बजावलंय: थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नको, शिवीगाळ-धमकी नको, चारचौघांत अपमान नको, घरचे, मित्र, रेफरन्स यांना त्रास नको. मी त्या माणसाला एवढंच विचारलं, “तुमचं नाव, एजन्सी आणि बँकेचं अधिकारपत्र पाठवता का?” तर म्हणे, सीनियरशी बोला. सीनियरचा आवाज तोच होता, फक्त जरा घोगरा.

आता हिशोब. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज ही काही जगावेगळी गोष्ट नाही, म्हणजे वर्षाला ४२. एक लाख थकले तर महिन्याचं व्याज ३,५००, वर १८ टक्के जीएसटीचे ६३०. तुम्ही इमानदारीत पाच हजार भरले तरी मुद्दल उतरतं जेमतेम ८७० रुपयांनी. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून निर्धास्त झोपणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

मग एजंट येतो सेटलमेंट घेऊन. “साठचे पस्तीस करून देतो, आजच्या आज जीपे करा, लेटर नंतर मिळेल.” नंतर कसलं? आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र हवं. रक्कम, तारीख, कार्ड खातं, सगळं त्यात. पैसे फक्त बँकेच्या खात्यात, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही. भरल्यावर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, घ्यायचं. आणि सूट घेतली की सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ लागतं, ‘क्लोज्ड’ नाही. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की तो शब्द आडवा येतो. हे तो फोनवाला कधीच सांगणार नाही.

आम्ही कॉल लॉग आणि रेकॉर्डिंग जोडून बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केलाय, हप्ते बांधून मागितलेत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. वकीलही लागत नाही.

भावाने सुरुवातीला घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. “ताई, आईला कळायला नको.” मीच सांगितलं. मावशी दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी. आता फोन तीच उचलते, आधी नाव-गाव विचारते, वहीत लिहून घेते. फोन कमी झालेत. बँकेचं पत्र अजून आलेलं नाही, आणि ते येईपर्यंत एजंटच्या हातात एक रुपयाही द्यायचा नाही, असं मावशीनेच ठरवलंय.