‘किलोमीटर कमी, तर गाडी उत्तम’: कोकणात जुनी गाडी घेणाऱ्यांना मिळणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांसाठी म्हणून लिहिलेला एक संदेश सध्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावागावांतून मोबाइलवर फिरतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे. तीन लाखांच्या आत गाडी घ्यायची तर फक्त किलोमीटर बघा, कारण दहा वर्षांत तीस हजारांहून कमी चाललेली गाडी नव्यासारखीच असते. गंजाची काळजी करू नका, खालून काळे कोटिंग मारले की तो प्रश्न मिटतो. जमल्यास दिल्लीची गाडी आणा, ती निम्म्या किमतीत पडते. घाट चढायचे आहेत म्हणून डिझेलच घ्या. आणि मूळ मालकाच्या सह्या असलेले फॉर्म व चालू विमा हाती आला की नावावर करून घेण्याची घाई करू नका.

या प्रत्येक वाक्यात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच तो संदेश धोक्याचा आहे. आंब्याच्या दोन-तीन हंगामांतून बाजूला काढलेले किंवा मुंबईतल्या भावाने थोडे थोडे करून पाठवलेले तीन लाख रुपये एकदाच खर्च होतात. ते चुकले तर पुढची पाच-सात वर्षे त्या घराला दुसरी गाडी घेता येत नाही. त्यामुळे हे मुद्दे एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते.

किलोमीटरपासून सुरुवात करतो. जिथे गाडी रोज वापरली जाते आणि हवा कोरडी असते तिथे कमी धाव ही जमेची बाजू असते, हे मान्य आहे. पण आपल्याकडे कमी चाललेली गाडी बहुतेक वेळा कशी असते ते आठवून पाहावे. चाकरमान्याने गावच्या घरासाठी घेऊन ठेवलेली, शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत बाहेर निघणारी, आणि उरलेले दहा महिने खळ्यात आंब्याखाली ताडपत्री पांघरून उभी असणारी ती गाडी असते. अशा गाडीचे इंजिन झिजलेले नसते, पण गाडी म्हणजे केवळ इंजिन नव्हे. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, मग गाडी धावो अथवा न धावो. टायरचे रबर उभ्या जागीच कडक होऊन त्याला भेगा पडतात. ज्या इंजिनांना टायमिंग बेल्ट (इंजिनातले भाग एका मेळात फिरवणारा पट्टा) असतो त्यांत तो किलोमीटर किंवा वर्षे यांपैकी जी मर्यादा आधी येईल तिथे बदलायचा असतो. ब्रेकच्या डिस्कवर आणि ड्रममध्ये गंज धरतो, हँडब्रेक अडकून बसतो, एसीचे सील सुकून गॅस गळतो. वायपरखालच्या जाळीत पानांचा कचरा साचून पाण्याची वाट बंद झाली की पावसाचे पाणी डॅशबोर्डामागून उतरते आणि पायाखालच्या गालिच्याखाली मुरते. बॉनेटखाली घर करणाऱ्या उंदरांनी कुरतडलेली वायरिंग शोधण्यात तर वायरमनचे दोन-दोन दिवस जातात.

टायर किती जुना आहे हे त्याच्या कडेवर कोरलेल्या शेवटच्या चार अंकांवरून कळते. 2319 असे लिहिले असेल तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात तयार झालेला असतो. मीटर सव्वीस हजार दाखवत असताना टायर दोनदा बदललेले दिसले, तर त्या आकड्याचा खुलासा विक्रेत्याकडे मागितला पाहिजे, कारण डिजिटल मीटरही मागे फिरवता येतो. पेडलचे रबर, स्टीअरिंगची झिजलेली कातडी आणि चालकाच्या आसनाची बसलेली कड यांवर मीटरपेक्षा जास्त विश्वास ठेवावा, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नंबरावर झालेल्या कामांची नोंद विक्रेत्याच्या संमतीने काढून घ्यावी. माझ्या अनुभवात, दरवर्षी सात-आठ हजार किलोमीटर चाललेली आणि वेळेवर तेलपाणी झालेली दहा वर्षांची गाडी ही वर्षाला दोन हजार चाललेल्या गाडीपेक्षा कितीतरी भरवशाची निघते.

आता गंजाकडे येतो. सर्वाधिक नुकसान इथेच होते, आणि संदेशाने नेमका हाच मुद्दा एका ओळीत उडवून लावला आहे. आमच्या घरी काही वर्षांपूर्वी घेतलेली गाडी अठ्ठावीस हजार किलोमीटर चाललेली होती, वरून तिला एक ओरखडाही नव्हता, आणि खालून ताजे काळे कोटिंग मारलेले असल्याने आम्ही समाधानाने पैसे मोजले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गॅरेजमध्ये ती लिफ्टवर चढवली तेव्हा दरवाजाखालच्या पट्टीत मिस्त्रीने सहज टेकवलेला स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. कोटिंग तसेच चकचकीत होते आणि त्याच्या आत पत्रा उरलेला नव्हता.

असे का होते ते समजून घेतले पाहिजे. मीठ हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे किनाऱ्यालगत पाऊस नसतानाही पत्र्यावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर टिकून राहतो आणि त्यात लोखंड गंजत राहते. वरच्या रंगावरचे मीठ पावसात धुतले जाते, पण चाकांच्या कमानींच्या आतली आणि तळाची बाजू पावसाने कधीच नीट धुतली जात नाही. तिथे जांभ्याची तांबडी माती चिकटून बसते आणि ती वाळली तरी आतून ओलसर राहते. मासळीच्या टेम्पोतून रस्त्यावर गळणारे खारे पाणी, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींच्या उतारावर भरतीच्या वेळी चाकांना लागणारे समुद्राचे पाणी आणि हौसेने पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, घातलेली गाडी, या सगळ्यांचा हिशेब तळाच्या पत्र्यावर जमा होत जातो. जुन्या गंजावर कोटिंग मारले की ओल आणि मीठ दोन्ही आत कोंडले जातात, आणि पत्रा पूर्वीपेक्षा वेगाने, शिवाय नजरेआड, सडतो. कोटिंग निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवलेल्या निरोगी पत्र्यावर मारलेले कोटिंग आणि दरवाजाखालच्या पोकळ्यांत आतून फवारलेले मेणयुक्त तेल खरोखर उपयोगी पडते. मात्र विकण्याच्या आदल्या आठवड्यात मारलेले कोटिंग हे झाकण असण्याचीच शक्यता जास्त.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना वेगळी चॅसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नसते आणि पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा असतो, हे इथे विशेष लक्षात घ्यावे. इंजिनचे काम पैसे घालून करता येते, पण मागच्या स्प्रिंगची बैठक किंवा पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरचा वरचा कप ज्या पत्र्यावर टेकतो तो पत्राच खाल्ला गेला असेल, तर त्यावर मारलेले ठिगळ अपघाताच्या वेळी घरच्या माणसांना वाचवत नाही. म्हणून गाडी पाहायला जाताना आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा, त्याची मजुरी द्यावी, आणि गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घेतल्याशिवाय भावाची बोलणी करू नयेत. जॅक लावण्याच्या जागा, दरवाजांच्या खालच्या कडा व तिथली पाणी जाण्याची छिद्रे, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि पेट्रोलच्या टाकीचे पट्टे हाताने चाचपावेत. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा पत्रा पाहावा. कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असते. जो विक्रेता गाडी लिफ्टवर चढवू देत नाही, त्याच्याकडून ती घेऊ नये.

त्याच वेळी पुराची खूणही शोधावी. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकतात, आणि त्या चिपळुणातच विकल्या जातील असे नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की त्याच्या टोकाला गढूळ पाण्याची रेघ दिसते, आसनांच्या रुळांत गाळ सापडतो, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर दिसतो. जुनी विमा पॉलिसीही बरेच सांगते. तीत नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, 50 टक्के असेल तर त्या मालकाने सलग पाच वर्षे भरपाई मागितलेली नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि तो शून्यावर आलेला असेल तर मागच्या वर्षी काय घडले हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही.

दिल्लीच्या गाडीबाबत संदेशातले निम्मे विधान खरे आहे. राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या आणि पुढे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. पुढे तिच्या अंमलबजावणीत बदल होत गेले, तरी त्या वयाजवळ पोहोचलेल्या गाड्यांचे भाव तिथे पडले. तिथल्या हवेत मीठ नसल्याने तळाचा पत्राही अनेकदा चांगला असतो. पण किंमत तिथे संपत नाही. मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, दीड हजार किलोमीटरच्या आसपासची वाहतूक, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायच्या गाडीला घ्यावा लागणारा नवा नंबर, हे सगळे त्या किमतीत धरावे लागते. महाराष्ट्राचा एकरकमी करही भरावा लागतो. तो गाडीचे वय पाहून कमी होतो, माफ होत नाही, आणि पेट्रोलपेक्षा डिझेल गाडीला जास्त बसतो. ज्या गाडीला आपण घेण्यापूर्वी लिफ्टवर पाहूही शकत नाही, तिच्यासाठी इतका खटाटोप कशाला? कोरड्या हवेतली गाडी हवी असेल तर ती घाटावर, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे शोधावी. राज्य तेच असल्याने कर पुन्हा भरावा लागत नाही, आणि आंबा घाटाने किंवा कुंभार्लीने सकाळी जाऊन गाडी पाहून संध्याकाळी परत येता येते. मात्र नंबरावर कोल्हापूरचा एमएच 09 किंवा साताऱ्याचा एमएच 11 एवढे वाचून थांबू नये, कारण नंबर कोल्हापूरचा असलेली गाडी दहा वर्षे मालवणात राहिलेली असू शकते, आणि 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीतही मोठा पूर आला होता.

डिझेलचा मुद्दा आकड्यांनीच निकालात निघतो. गावातल्या कुटुंबाची गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर धावते असे धरू. पेट्रोल गाडी लिटरला 16 आणि डिझेल गाडी 20 किलोमीटर देत असेल, तर वर्षाला अनुक्रमे 375 आणि 300 लिटर इंधन लागेल. पेट्रोल 105 आणि डिझेल 92 रुपये धरल्यास खर्चातला फरक वर्षाला बारा हजारांच्या आत राहतो. दहा-बारा वर्षांच्या डिझेल गाडीचे इंजेक्टर किंवा टर्बो एकदा बिघडला तर काही वर्षांची ती बचत एका बिलात जाते. चढावर कमी वेगात डिझेल इंजिन जास्त ओढते हे खरे आहे, आणि ज्याला आठवड्यातून दोनदा सहा माणसे घेऊन कोल्हापूर गाठायचे आहे त्याने डिझेलचा विचार जरूर करावा. बाजारहाट, शाळा, दवाखाना आणि वर्षातून चार-सहा वेळा घाट, एवढ्यासाठी 1.2 लिटरचे पेट्रोल इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये पाच माणसे घेऊन निवांत चढते. इंधन कोणतेही असो, गाडी चालवून पाहायची ती चढावरच, कारण थकलेला क्लच आणि तापणारे इंजिन सपाट रस्त्यावर लपून राहतात.

शेवटचा मुद्दा कागदपत्रांचा, आणि इथे संदेशाचा सल्ला सरळसरळ चुकीचा आहे. विक्री झाल्यावर राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. गाडी नावावर होईपर्यंत नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो आणि अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून हा सल्ला विकणाऱ्यालाही तितकाच घातक आहे. चालू विम्यातला तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांना झालेल्या नुकसानीचा, भाग कायद्याने नव्या मालकाकडे येतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही, आणि त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. ज्याच्या नावावर ना गाडी आहे ना विमा, त्याच्या गाडीवर वादळात नारळाचे झाड पडले तर तो दाद कोणाकडे मागणार?

पैसे देण्याआधी आरसी पुस्तकावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का ते पाहावे. असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेली ई-चलने गाडीच्या नंबरावर ऑनलाइन दिसतात, ती विक्रेत्यालाच भरायला लावावीत. नोंदणीची पंधरा वर्षे कधी संपतात तेही तपासावे, कारण त्यानंतर तपासणीला उभे राहून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि त्या तपासणीत सडलेला तळ अडचणीचा ठरतो. तीन लाख हाताशी असतील तर गाडी अडीच लाखांचीच पाहावी. उरलेल्या पन्नास हजारांत चार टायर, बॅटरी, सगळी तेले, ब्रेकचे काम, नावावर करण्याचा खर्च आणि विमा, हे सगळे पहिल्या दोन महिन्यांतच करून घ्यावे, म्हणजे मिरगाचा पहिला पाऊस पडण्याआधी गाडी तयार असेल.