दोष मूळ भागांचा नव्हे, झिजेचा

सोलापुरातल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. प्रीमियर पद्मिनीसारखी गाडी इथल्या उन्हात मूळ भागांवर चालूच शकत नाही, म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढावा, मोठा रेडिएटर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवावेत, दिवे शंभर वॅटचे करावेत आणि एवढे केले की गाडीची किंमतही वाढते, असे त्यात म्हटले आहे. माझ्याकडे पद्मिनीच आहे, आणि या सल्ल्यापायी कुणी चांगली गाडी कापून बदलायला काढू नये, असे मला मनापासून वाटते.

आधी तापण्याविषयी. याच गाड्या याच रेडिएटरवर सोलापूरचे चाळिशीपारचे उन्हाळे काढत आल्या आहेत. माझी गाडी होटगी रस्त्यावर वाफ सोडू लागली, तेव्हा रेडिएटरवाल्याने वरच्या टाकीची झाळ सोडवून ती उघडली. आतल्या नळ्यांची तोंडे बंबात साचतो तशा पांढऱ्या, खडबडीत क्षाराने जवळजवळ बुजलेली होती. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतल्याचा तो परिणाम होता. रॉडिंग केले, म्हणजे नळ्यांत सळई घालून क्षार काढला, सैल पडलेला फॅनबेल्ट बदलला, ठिणगी पडण्याचे मागे पडलेले टायमिंग जुळवले आणि कूलंट भरले. त्यानंतर मे महिन्यातही ती तापली नाही. थर्मोस्टॅट अडकला असेल तर बदलावा, पण काढून टाकू नये, कारण तो नसला की इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, तोवर पेट्रोल जास्त जळते आणि सिलिंडरची झीज वाढते.

ब्रेकचा मुद्दा जिवाशी निगडित आहे. तुळजापूरचा घाट उतरताना मूळ ब्रेकचे ड्रम (चाकातले गोल डबे, ज्यांना आतून शू म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या घासतात) तापून ब्रेक कमी पडतात, हे संदेशातले म्हणणे खरे आहे. मात्र ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच आत ओढला जातो आणि पायाच्या जोराला मदत करतो. डिस्कला ती मदत नसते, त्यामुळे बूस्टरशिवाय (पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेशिवाय) डिस्क लावली तर पेडल कडक होते, आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल दाबणारा भाग) व पुढच्या-मागच्या चाकांमधली जोराची वाटणी जुळली नाही तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकून गाडी फिरू शकते. त्यापेक्षा ड्रम लेथवर गोल करून घ्यावेत, शूवरचे लायनर आणि शू ढकलणारे व्हील सिलिंडर नवे घालावेत, शू नीट सेट करावेत आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

शंभर वॅटचा एक दिवा बारा व्होल्टवर आठ अँपियरहून अधिक प्रवाह ओढतो. दोन दिव्यांचा हा भार जुन्या वायरीवर आणि स्विचवर टाकणे धोक्याचे आहे. मूळ वॅटचेच बल्ब ठेवून रिले (दिव्यांचा प्रवाह स्विचमधून न नेता थेट बॅटरीतून देणारा भाग) बसवला आणि अर्थिंगचे जोड घासून साफ केले, तरी उजेडात स्पष्ट फरक पडतो.

किमतीचा दावा तर नियमांपुढे टिकत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी (गाडीचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे गाडी कापून बदलली की ही नोंदणी, आणि तिच्यामुळे मिळू शकणारा भाव, दोन्ही हातचे जाऊ शकतात. पद्मिनी हे नाव १९७४ चे. म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्या आत्ताच कुठे या वयाला पोहोचल्या आहेत, आणि नेमक्या याच वेळी त्या कापून बदलल्या जात आहेत.

प्रत्येक बदलाला माझा विरोध नाही. पॉइंटच्या (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या मूळ यांत्रिक स्विचच्या) जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन मीही बसवले आहे, कारण त्यासाठी काहीही कापावे लागले नाही. काढलेले पॉइंट आणि त्यांच्यासोबतचा कंडेन्सर डिकीत डबीत ठेवले आहेत आणि अर्ध्या तासात ते परत बसवता येतात.