वॉर्सा नकली नाही

आज दुपारी एका बारशाला गेले होते. जेवणं झाल्यावर सगळे खुर्च्या ओढून बसले आणि विषय सुट्टीत कुठं जायचं यावर आला. नात्यातलाच एक मुलगा टूरचा धंदा करतो. तो युरोपची माहिती देत होता, एवढे देश, एवढ्या दिवसांत. मला कुणीतरी विचारलं, तुम्ही लेकीकडं जाऊन आलात ना, तुम्ही सांगा. मी म्हटलं, वसंतात जाणार असाल तर पोलंडची राजधानी वॉर्सा बघा. निवांत बघा.

त्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "आत्या, वॉर्सात काय आहे बघायला? जुनं शहर म्हणून दाखवतात ते सगळं डुप्लिकेट आहे. महायुद्धानंतर बांधलंय. नकली बघायला एवढे पैसे कशाला घालायचे?" आणि लोक हसले.

बारशाच्या घरात आवाज चढवायचा नसतो, म्हणून गप्प बसले. घरी आल्यापासून मात्र डोकं ठिकाणावर नाही.

नकली? ते शहर कसं पाडलं गेलं हे तरी माहीत आहे का? १९४४ च्या ऑगस्टमध्ये वॉर्साच्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. ६३ दिवस लढले आणि हरले. मग जर्मनांनी उरलेल्या माणसांना शहराबाहेर हाकललं आणि रिकाम्या शहरात रस्त्यामागून रस्ता पेटवत, सुरुंग लावत गेले. राजवाडा, ग्रंथालयं, चर्च, राहती घरं, काही सोडलं नाही. लढाई संपली होती, समोर कुणी शत्रू उरला नव्हता, तरी हे चालू होतं. जानेवारी १९४५ मध्ये नदीच्या डाव्या काठावरचं जवळजवळ ८५ टक्के शहर मातीत गेलेलं होतं.

आणि लोक परत आले. त्या ढिगाऱ्यात राहायला परत आले. युद्धाआधी वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जुन्या घरांची मापं घेऊन नकाशे काढलेले होते. उठावानंतर त्यांच्या प्राध्यापकांनी ते कागद जळत्या शहरातून बाहेर काढून पियोत्रकूव गावातल्या एका मठात लपवले होते. अठराव्या शतकात बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकारानं रंगवलेली वॉर्साची चित्रं होती, ती समोर ठेवली. ढिगाऱ्यातल्या विटा वेचल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. जुन्या शहराचा चौक १९५३ मध्ये उभा राहिला. राजवाड्यासाठी सरकारनं परवानगी द्यायलाच १९७१ उजाडलं, मग लोकांनी वर्गणी काढली, आणि तो १९८४ मध्ये उघडला. युनेस्कोनं १९८० मध्ये हे जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते असं उभं केलं म्हणूनच घेतलं.

कोल्हापूरकरांनी तर हे बोलूच नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आपण काय केलं? माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. शाहू महाराजांनी बांधलं होतं तसंच परत उभं राहिलं पाहिजे, दुसरं काही नको, असं सगळं गाव एका तोंडानं म्हणालं. मग उद्या त्यात नाटक बघायला जाल तेव्हा त्याला डुप्लिकेट म्हणाल का?

मी तिथं काय पाहिलं ते सांगते.

१९ एप्रिलची सकाळ. लेक ऑफिसला गेली होती, मी एकटीच ट्राम पकडून राजवाड्यासमोरच्या चौकात गेले होते. ऊन होतं, पण वारा बोचरा. चौकाच्या कडेला एक कॉलेजातली मुलगी खांद्याला पिशवी अडकवून येणाऱ्या-जाणाऱ्याला कागदाची पिवळी फुलं लावत होती. डॅफोडिल. मी पर्स उघडायला लागले तर हातानंच नको म्हणाली. फूल घडी घालून उभं केलं आणि माझ्या कोटाला लावायला आली. कोटावर शाल होती, तिच्यातून पिन जाईना. तिनं दोनदा प्रयत्न केला, मग शाल अलगद बाजूला सरकवून कोटाच्या कॉलरलाच लावलं, आणि वाकडं दिसतंय म्हणून परत काढून सरळ केलं. एका परक्या म्हातारीसाठी एवढं. नंतर मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी विचारलं आणि तिनं सांगितलं.

१९ एप्रिल १९४३ ला वॉर्साच्या घेट्टोमध्ये, म्हणजे भिंत घातलेल्या वस्तीत, कोंडलेल्या ज्यूंनी जर्मनांवर बंदुका रोखल्या. जिंकणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. बहुतेक माणसं आधीच ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारली होती. उरलेले जवळजवळ महिनाभर लढले. त्यांच्या नेत्यांपैकी मारेक एदेलमन वाचला आणि पुढं दरवर्षी १९ एप्रिलला वॉर्सात त्या लढ्याच्या स्मारकाशी फुलं ठेवायचा, पिवळी डॅफोडिल. दरवर्षी या तारखेला कुणी अनामिक माणूस त्याला ती पाठवायचा. २००९ मध्ये एदेलमन गेला. पुढं तिथल्या पोलिन या ज्यूंच्या इतिहासाच्या संग्रहालयानं कागदी फुलं वाटायला सुरुवात केली. आता या दिवशी शहरात जिकडं बघाल तिकडं ती दिसतात. बस ड्रायव्हरच्या छातीवर, दुकानातल्या बाईच्या एप्रनवर, बाबागाडीच्या छताला.

बरोबर बारा वाजता भोंगे वाजले. मी दचकलेच. चौकातली माणसं जिथल्या तिथं उभी राहिली. सगळीच नाही, काही पर्यटक फोटो काढत चालत राहिले. पण माझ्या शेजारी एक माणूस भाजीची पिशवी हातात घेऊन थांबला होता, त्यानं ती खालीसुद्धा ठेवली नाही. फुलं वाटणारी मुलगी मान खाली घालून उभी. भोंगे थांबले आणि ती परत कामाला लागली.

या चौकात उभं राहून तू कुणाला नकली म्हणणार आहेस?

त्याच चौकात राजा झिगमुंटचा उंच स्तंभ आहे. जर्मनांनी १९४४ मध्ये तो पाडला, १९४९ मध्ये नवा खांब घालून पुन्हा उभा केला. तुटलेला जुना खांब कुठं आहे माहीत आहे? राजवाड्याच्या बाजूला गवतावर आडवा ठेवलाय. लपवलेला नाही. मी त्याच्यावरून हात फिरवला, दगड खडबडीत, मध्येच खोल टवके गेलेले. जवळच्या कॅथीड्रलच्या भिंतीत जर्मनांच्या स्फोटकं वाहून नेणाऱ्या छोट्या रणगाड्याचा लोखंडी पट्टा तसाच बसवून ठेवलाय. फसवायचं असतं तर हे कशाला ठेवलं असतं? त्या शहराइतकं खरं बोलणारं शहर मी दुसरं पाहिलं नाही.

मान्य आहे, प्राग जास्त देखणं आहे. पोलंडमध्येच क्राकूव जास्त देखणं आहे. आणि ज्यानं आयुष्यात एकदाच पैसे जमवून जायचं ठरवलंय त्यानं पॅरिस बघितलं तर मी काही म्हणणार नाही. पण न बघता नावं ठेवू नका.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. वसंत आठवला की उतरतोच.

वॉर्साच्या एप्रिलचा भरवसा नाही. सकाळी बर्फाची भुरभुर, दुपारी कोट काढून हातात. तिथल्या म्हणीतच आहे की एप्रिल थोडा हिवाळा आणि थोडा उन्हाळा एकत्र विणतो. सहा महिने अंधारात आणि थंडीत काढलेली माणसं ऊन पडलं की घरातून अक्षरशः ओसंडून बाहेर येतात. विस्तुला नदीच्या पायऱ्यांवर मुलं, म्हातारी, कुत्री, सगळे उन्हाकडं तोंड करून बसलेले. वाझिएन्की बागेत मॅग्नोलिया फुललेला, एक पान नाही आणि झाडभर फुलं. तिथल्या तांबड्या खारींना लोक "बाशा, बाशा" म्हणून हाका मारतात आणि त्या येतात. हातावर अक्रोड ठेवला की पुढचे दोन पाय बोटांवर टेकवून घेऊन जातात. नखं टोचतात थोडी. मोर फिरत असतात. मे लागला की चेस्टनटच्या झाडांवर पांढरे तुरे येतात, तेव्हा तिथल्या मुलांची बारावीची परीक्षा असते. लेकीच्या शेजारणीची नात तेव्हा पुस्तक घेऊन त्याच झाडाखाली बसायची.

मेच्या मध्यापासून दर रविवारी त्या बागेत शोपँ या पोलिश संगीतकाराच्या पुतळ्याजवळ पियानो वाजतो. तिकीट नाही. लोक गवतावर आडवे होऊन ऐकतात. तो पुतळाही १९४० मध्ये जर्मनांनी फोडला आणि १९५८ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी बसून मी जे ऐकलं ते खोटं होतं का? मला त्यातलं शास्त्र कळत नाही. पण शेजारची आजी डोळे मिटून बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होती, आणि मला माझी आई पेटीसमोर बसायची ते आठवलं.

खाण्याचं म्हणाल तर बार म्लेचनी शोधा, म्हणजे दुधाचा बार. साधी, स्वस्त खानावळ. बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेले पिएरोगी, वर परतलेला कांदा. शाकाहारी माणसाचं छान भागतं. काउंटरवरच्या बाया हसत नाहीत, हेही खरं. पण वाढतात भरपूर.

फुलं लावणाऱ्या मुलीकडं परत येते, कारण खरं दुखतंय ते पुढंच आहे.

तिनं मला विचारलं, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, कोल्हापूर. तिला माहीत नव्हतं. मग मी तिला वळिवडे सांगितलं. १९४० मध्ये सोव्हिएत रशियानं पूर्व पोलंडमधल्या लाखो माणसांना घरातून उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. त्यातली जी वाचली त्यांतली काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरच्या महाराजांनी मुलांना आसरा दिला. आणि आपल्या कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याच्या छावणीत, १९४३ पासून १९४८ पर्यंत जवळजवळ पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. पंचगंगेच्या काठी लहानाची मोठी झालेली पोलिश मुलं होती ती. मुलीनं फोनवर "वळिवडे" लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं. तिच्या वयाच्या पोरीनं भर वाऱ्यात थांबून ते लिहून घेतलं.

आणि आपण? सगळा जिल्हा लग्नाचं कापड घ्यायला गांधीनगरला जातो. ती छावणी तिथंच होती. पोलिश लोक गेल्यावर फाळणीत सिंधमधून आलेली माणसं तिथं राहिली आणि बाजारपेठ उभी राहिली. वेगवेगळ्या ठिकाणी उजाड झालेल्या दोन समाजांना एकाच जागेनं घर दिलं. पण महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ आहे, त्याच्यासमोर बसून भेळ खाणाऱ्यांपैकी कितीजण वाचतात त्यावर काय लिहिलंय? वॉर्सात मोन्ते कासिनोच्या, म्हणजे महायुद्धात पोलिश सैनिक इटलीत लढले त्या लढाईच्या, स्मारकाशेजारी कोल्हापूरचं नाव कोरलेला फलक आहे, २०१७ पासून. २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं गेले तेव्हा चार दिवस बातम्या झाल्या, आणि संपलं. त्या परक्या राजधानीत आपल्या गावाचे आभार मानलेत, आणि आपल्याच गावातला माणूस भर पंक्तीत विचारतो, वॉर्सात काय आहे?

मी त्या फलकापाशी गेले तेव्हा कोटावर ते कागदी फूल होतंच. बाग मागे हिरवी व्हायला लागलेली. देवनागरीत विचार करणाऱ्या माणसाला इतक्या लांब आपल्या गावाचं नाव दिसलं की काय होतं ते मला लिहिता येणार नाही. लेकीला फोन लावला आणि बोलताच येईना.

अजून एक सांगते. घेट्टोतल्या अनाथाश्रमात डॉक्टर यानुश कोर्चाक होते. जुलै १९४२ मध्ये त्यांनी तिथल्या मुलांकडून रवींद्रनाथांचं 'डाकघर' बसवून घेतलं. ऑगस्टच्या सुरुवातीला जवळजवळ दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाला नेलं. स्वतःची सुटका करून घेण्याची संधी असूनही डॉक्टर मुलांबरोबरच गेले. घेट्टो होतं तो मुरानूव भाग आता चारमजली घरांचा साधा मोहल्ला आहे. पण घरं उंचवट्यांवर आहेत, पायऱ्या चढून जावं लागतं, कारण खाली ढिगारा आहे. तो हलवता आला नाही, म्हणून त्याच्यावरच घरं बांधली. त्या उतारांवर वसंतात गवत येतं आणि मुलं घसरगुंडी करतात. या घरांनाही नकली म्हणायचं का?

त्या मुलाला, म्हणजे आमच्या नात्यातल्या, मी उद्या फोन करणार आहे. रागावून नाही. तो मेहनती आहे, लोकांना सांभाळून नेतो, आणि गिऱ्हाइकाला जे हवं तेच विकावं लागतं हेही मला कळतं. पण कोल्हापुरातून निघणाऱ्या टूरमध्ये वॉर्साला एक दिवस घाल म्हणून सांगणार आहे. आणि शक्य असेल तर एप्रिलात.

स्वतः जाणार असाल तर १९ एप्रिल धरून जा. गरम कपडे न्या, कानटोपीसुद्धा. ३ मे हा त्यांचा संविधान दिन, तेव्हा दुकानं बंद असतात, आदल्या दिवशी दूध-ब्रेड आणून ठेवा. लेकीनं मला करून दिलेली ट्रामची आणि खानावळींची यादी आहे, मागाल त्याला पाठवते.

आणि वळिवडे, गांधीनगर, उचगाव, रुकडी भागातल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी नव्वदीच्या पुढचं असेल तर आजच विचारा. पोलिश छावणीत दूध घालायला, भाजी विकायला, सुतारकामाला आपल्यापैकी कुणी जात होतं का? एखादा फोटो, एखादं भांडं, एखादं नाव? खाली लिहा. मी सगळं एका ठिकाणी उतरवून ठेवते आहे.