मॅकिंटॉश म्हणजे झेरॉक्सची चोरी?

‘माऊस, पडद्यावरच्या खिडक्या, आयकॉन हे सगळं झेरॉक्स कंपनीने शोधलं, ॲपलने ते ढापलं आणि त्याची नक्कल १९८४ मध्ये मॅकिंटॉश संगणक म्हणून विकली.’ हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो खोडताना नीट वेगवेगळं करून पाहायला हवं.

माऊस झेरॉक्सचा नव्हेच. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो चालवून दाखवला, तेव्हा झेरॉक्सची पालो आल्टोची प्रयोगशाळा सुरूही झाली नव्हती.

‘ढापलं’ हेही खरं नाही. १९७९ मध्ये झेरॉक्सने ॲपलचे १ लाख शेअर सुमारे १० लाख डॉलरना घेतले आणि त्या व्यवहारात ॲपलच्या मंडळींना प्रयोगशाळा पाहायला मिळाली. खिडक्यांची कल्पना तिथून आली, हे ऋण मानायलाच हवं.

आयकॉनचं काय? १९७९ मध्ये दाखवलेल्या झेरॉक्सच्या आल्टो संगणकावरच्या स्मॉलटॉक या प्रणालीमध्ये फाइलींचे आयकॉन मांडलेला डेस्कटॉप नव्हता. झेरॉक्सच्या १९८१ च्या ‘स्टार’ संगणकामध्ये तो आला, पण तिथे फाइल हलवायची तर आयकॉन निवडा, कीबोर्डवरची ‘मूव्ह’ कळ दाबा, मग जागा दाखवा. आयकॉन माऊसने धरून थेट ओढायची सोय ॲपलच्या लिसा आणि मॅकिंटॉश या संगणकांमधली.

सगळ्यात कच्चा शब्द ‘नक्कल’. मॅकिंटॉशची मेमरी १२८ केबी. ५१२ × ३४२ ठिपक्यांचा पडदाच त्यातले २१,८८८ बाइट खायचा. झाकलेल्या खिडकीचं चित्र जपून ठेवायचं, तर पडदाभर खिडकीमागे आणखी तेवढेच बाइट गेले असते. म्हणून ते जपलंच नाही. ॲपलचे प्रोग्रॅमर बिल ॲटकिन्सन यांच्या क्विकड्रॉ या चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये खिडकीचा दिसणारा भाग, मग तो कितीही वेडावाकडा असो, ‘रीजन’ म्हणून साठवला जाई: ठिपक्यांच्या प्रत्येक ओळीत कडा कुठे येते तेवढेच आकडे, आणि ओळ आधीच्या ओळीसारखीच असेल तर काहीच नाही. पुढची खिडकी सरकली की उघडा पडलेला भाग यंत्रणा काढायची आणि ‘एवढंच पुन्हा रंगव’ असा निरोप प्रोग्रॅमला द्यायची. प्रोग्रॅमर तिथे ‘रंगवायला घेतलं’ असं यंत्रणेला कळवणारी ‘बिगिनअपडेट’ ही आज्ञा द्यायला विसरला, की तोच निरोप पुन्हापुन्हा येत राही. क्विकड्रॉ आणि खिडक्या-मेनू सांभाळणारा संच, सगळं ६४ केबीच्या रॉममध्ये, म्हणजे कायमस्वरूपी मेमरीत, बसवलेलं. या प्रोग्रॅममधली एकही ओळ झेरॉक्सची नव्हती.

मॅकिंटॉशचे दोषही त्याचे स्वतःचेच. स्टारची किंमत १६,५९५ डॉलर, मॅकिंटॉशची २,४९५. तेवढ्यात बसवायला एकच फ्लॉपी ड्राइव्ह दिला. ४०० केबीच्या फ्लॉपीची प्रत काढताना मजकूर तुटपुंज्या मेमरीतून तुकड्यातुकड्यांनी जाई, आणि दर तुकड्याला मूळ फ्लॉपी काढा, नवी घाला, पुन्हा मूळ घाला. ५१२ केबीचं मॉडेल सप्टेंबर १९८४ मध्ये आलं, तेव्हा कुठे हा जाच कमी झाला.