कॉमा मोजणाऱ्यांनो, जरा समासही बघा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

भाचीने तिच्या कॉलेजच्या इंग्रजीच्या पेपरचे फोटो पाठवले. तपासून आलेला पेपर. एका कादंबरीच्या शेवटावर पोरीने पाच-सहा पानं लिहिलीत, आणि चांगली लिहिलीत. मावशी आहे म्हणून म्हणत नाही. (बरं, थोडं म्हणूनही म्हणतेय.) त्या पाच-सहा पानांवर लाल पेनाचा ठिपका नाही. बरोबरची खूण नाही, फुली नाही, 'हे कशावरून?' नाही. शेवटच्या पानावर, संदर्भसूचीवर मात्र नुसता रक्तपात. नोंदीची दुसरी ओळ अर्धा इंच आत नाही, मार्क कापला. नियतकालिकाचं नाव तिरक्या अक्षरांत नाही, कापला. पुस्तक कुठल्या शहरात छापलं ते नाही, कापला. ऑनलाइन लेखापुढे 'वेब' असं लिहिलं नाही, कापला.

आता गंमत ऐका. नोंदीच्या शेवटी 'प्रिंट' किंवा 'वेब' लिहायचा नियम एमएलएने (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन, साहित्यात संदर्भ कसे द्यायचे याची नियमावली काढणारी अमेरिकन संस्था) 2009च्या सातव्या आवृत्तीत आणला आणि 2016च्या आठव्या आवृत्तीत काढूनही टाकला. प्रकाशनाचं शहरही तेव्हापासून सहसा द्यावं लागत नाही. 2021मध्ये नववी आवृत्ती आली. म्हणजे निदान या दोन बाबतींत पोरीने चालू नियम पाळला आणि मार्क कापले गेले ते कुणाच्या तरी कपाटातल्या जुन्या झेरॉक्सप्रमाणे! नियमांवर एवढं प्रेम असेल तर निदान नियम तरी ताजे ठेवा ना.

आमच्या वेळी इंग्रजीला एक सर होते. ते निबंधाच्या आधी आमच्या झेरॉक्स गोळा करायचे. कथेच्या, कवितेच्या, जे काही शिकवत असतील त्याच्या. आणि समासात काय लिहिलंय ते वाचायचे. पान नुसतं पिवळं केलेलं असलं की न बोलता परत. एका कथेच्या माझ्या झेरॉक्सच्या समासात मी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हिला हे आधीच माहीत होतं का?' सरांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'कुठल्या ओळीवरून?' बास, एवढंच. मी मागे जाऊन पानं चाळली तर सापडलं: दार वाजायच्या आधीच बाई उठून उभी राहिलेली असते. लेखकाने ते इतकं सहज टाकलंय की पहिल्या वाचनात नजर घसरते. मी समासात त्या पानाचा आकडा लिहिला. पुढे निबंधात कंसात गेला तो तोच आकडा.

संदर्भ देणं म्हणतात ते हेच ना? वाचणाऱ्याने 'कुठल्या ओळीवरून?' विचारायच्या आधीच त्याच्या हातात पान देणं. एमएलएत लेखकाचं आडनाव आणि पानाचा आकडा येतो, कारण साहित्यात भांडण ओळीवरून होतं. एपीएत (अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची नियमावली) आडनावाला लागून वर्ष येतं, कारण मानसशास्त्रात संशोधन किती जुनं आहे यावर बरंच अवलंबून असतं. एवढं कारण पहिल्या तासाला सांगितलं तर पोरं अर्ध्या चुका आपोआप टाळतील. पण सांगतंय कोण! भाचीला या सत्रात इंग्रजीला एमएलए आहे आणि मानसशास्त्राला एपीए. एकीकडे लेखकाचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसती आद्याक्षरं. एकीकडे शीर्षकातल्या बहुतेक शब्दांना मोठं अक्षर, दुसरीकडे सहसा फक्त पहिल्या शब्दाला. हे असं का, हे तिला आजवर एकाही वर्गात कुणी सांगितलेलं नाही. 'हँडआउट बघा' म्हणतात.

हो, हो, शिस्त लागते, मान्य. एकसारख्या नोंदी असल्या की शोधणाऱ्याचं काम सोपं होतं, हेही मान्य. पुढे.

पण ही शिस्त आता यंत्राला येते हो. झोटेरोसारखं संदर्भ साठवून नोंदी बनवणारं फुकट सॉफ्टवेअर 2006पासून आहे. एका क्लिकवर एमएलएचं एपीए करून देतं. (त्याच्याही चुका होतात, तपासून घ्यावं लागतं. ठीक आहे.) आणि आता तर चॅटबॉट आलेत. तिरकी अक्षरं, स्वल्पविराम, सगळं जिथल्या तिथे असलेली नोंद बनवून देतात, फक्त तो लेख जगात कुणी लिहिलेलाच नसतो. पत्ता अगदी अचूक, आणि तिथे गेलात तर मोकळं रान. 2023मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी असे न घडलेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले आणि न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोकला. का सापडले? कारण समोरच्या बाजूने ते खटले शोधायचा प्रयत्न केला. स्वल्पविराम मोजत बसले असते तर सुटले असते ते दोघे.

आमच्या सरांनी नेमकं हेच केलं असतं. केलंही होतं. वर्गातल्या एकाने निबंधात झकास अवतरण टाकलं, पानाच्या आकड्यासकट. सर दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून ते पुस्तक घेऊनच वर्गात आले, पान उघडलं, त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "शोध." वाक्य तिथे नव्हतंच. गाईडमधून उचललेलं होतं. ओरडले नाहीत. पुस्तक त्याच्याकडेच ठेवून शिकवायला लागले.

आणि सर काही मवाळ होते अशातला भाग नाही. पानाचा आकडा चुकला की निर्दयपणे मार्क कापायचे. स्वल्पविरामाला गोल करून सोडून द्यायचे. काय महत्त्वाचं ते त्यांना ठाऊक होतं, एवढाच फरक.

मला ठाऊक आहे, शिक्षकांपुढे गठ्ठे असतात. पेपरांमागून पेपर. मुद्दा तपासायला वेळ लागतो, इंडेंट लांबूनही दिसतो. त्यांचाही नाइलाज असेल. भाचीच्या मॅडम कदाचित रात्री दोनला तपासत बसल्या असतील. हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय खरा. पण मग मार्कांची वाटणीच बदला की! निबंधाबरोबर खुणा केलेलं एक पान मागवा. एकच. पिवळा रंग फासलेलं नको, प्रश्न विचारलेलं. कुठला शब्द पुन्हा येतोय, लेखकाशी कुठे पटलं नाही, मागच्या कुठल्या पानाशी धागा जुळतोय. पुस्तक लायब्ररीचं असेल तर चिकटचिठ्ठ्या लावा, पीडीएफ असेल तर तिथेही टिपण लिहिता येतं. मूल खरंच वाचतंय की नाही हे त्या एका पानावरून दोन मिनिटांत कळतं. इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅम्बने लिहून ठेवलंय, पुस्तकं उसनी द्यायचीच तर कवी कोलरिजला द्या, तो टिपणांची भर घालून परत करतो. आणि आपण पोरांना काय शिकवतो? पुस्तक कोरं ठेवा, संदर्भसूची भरा.

भाचीला मी फोनवर म्हटलं, जा आणि मॅडमना नववी आवृत्ती दाखव, नम्रपणे. ती म्हणाली, "मावशी, पुढचे मार्कही त्यांच्याच हातात आहेत गं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

माझ्या यादीत शिकवणारे बरेच जण आहेत, त्यांनी खाली येऊन खुशाल भांडावं. पण भांडायच्या आधी एक सांगा: गेल्या सत्रात तपासलेल्या पेपरांपैकी कितींमधला एक तरी संदर्भ तुम्ही स्वतः उघडून पाहिलात?